उचगावच्या अम्मांचे दोन गुडघे

कोल्हापूरला कुणी देवीच्या दर्शनाला जातं, कुणी चपला घ्यायला, कुणी नुसतं मटण खायला. मी गेले ते एका म्हातारीच्या गुडघ्यांतलं पाणी आणायला. परत आल्यावर पार्ल्याच्या आमच्या बिल्डिंगीत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी हे खरंखुरं सांगितलं, आणि प्रत्येकानं पुढे ‘बरं, पण दर्शन नीट झालं ना?’ असंच विचारलं. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमचा विषय संधिवाताची सूज. सांधा सुजला की तिथल्या नसा दुखण्याची वर्दी मेंदूला देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच नसा आपल्या टोकांतून सांध्यातही काहीतरी सोडतात, आणि त्यानं सूज आणखी भडकते, अशी शंका अलीकडे जगभर घेतली जाते आहे. जे सोडतात ते म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाचा अगदी लहान तुकडा. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणं हे त्याचं काम. आम्ही ज्याच्या मागे होतो त्याला नावसुद्धा धड नाही, नुसतं ‘पदार्थ पी’ म्हणतात. शिवाय तो फार नाजूक. सांध्यातलं पाणी बाहेर काढून उबेत ठेवलं तर काही मिनिटांत त्याचे तुकडे होतात आणि मोजायला काही उरत नाही. त्यासाठी ते ताबडतोब गोठवावं लागतं आणि यंत्रापर्यंत गोठलेलंच न्यावं लागतं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या डॉक्टर मान्यांचं पत्र आलं. त्यांच्या एका पेशंट बाईंची डावी बाजू दहा वर्षांपूर्वी अर्धांगानं गेली. पुढे चार वर्षांनी त्यांना संधिवात झाला, तो फक्त उजव्या बाजूला. डावा गुडघा, डावं मनगट, डावी बोटं अगदी स्वच्छ. संधिवात एरवी दोन्ही बाजूंना सारखा धरतो. मग लुळ्या बाजूला त्यानं का सोडलं? तिथल्या नसा निरोपच देत नसतील का? एकाच माणसाचे दोन गुडघे शेजारी शेजारी ठेवून मोजायची अशी संधी पुन्हा कुठे मिळणार? आमच्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला रजेचा अर्ज नव्हे, प्रवासाचा अर्ज भरायला सांगितला.

शाहूपुरी

थर्माकोलची एक मोठी पेटी आणि तिच्यात आइस्क्रीमच्या कारखान्यातून आणलेला सुका बर्फ, एवढं लटांबर घेऊन मी सकाळी कोल्हापुरात उतरले. सुका बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते, म्हणून पेटीचं झाकण सैल ठेवावं लागतं आणि फटीतून पांढरा धूर येत राहतो. रिक्षावाल्यानं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत काय जळतंय ते विचारलं. थंड आहे म्हटल्यावर त्यानं हात लावून पाहिला आणि शाहूपुरीपर्यंत रिक्षा खड्डे चुकवत नेली.

डॉक्टर मान्यांचा दवाखाना गुळाच्या एका पेढीवर, माडीवर आहे. खाली गुळाच्या ढेपा, वर औषधांचा वास, आणि जिन्यात दोन्हींचं मिश्रण. डॉक्टर पन्नाशीचे, जाडजूड आणि मोठ्या आवाजाचे. मुंबईत पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथे विचारत नाहीत, समोर आणून ठेवतात. चहाच्या मागून मिसळ आली. मी मुंबईच्या मिसळीच्या हिशेबानं पहिला घास जोरात घेतला आणि पुढची पाच मिनिटं मला शास्त्रीय काही बोलता आलं नाही. डॉक्टरांनी शांतपणे दह्याची वाटी पुढे सरकवली. मिरचीतला तिखटपणा त्याच नसांना पेटवतो आणि त्यांच्यातून तोच पदार्थ पी बाहेर पडतो, हे मी नुसतं वाचलं होतं. त्या सकाळी ते जिभेवर सिद्ध झालं असं म्हणायला हरकत नाही.

पेटी त्यांच्या दवाखान्यात थंड कोपऱ्यात ठेवून आम्ही स्कूटरवरून उचगावला निघालो.

उचगाव

त्या पेशंट बाई म्हणजे शिकलगारांच्या अम्मा, त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी. अम्मांचे सासरे सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. मुलगा दस्तगीर शिरोलीच्या एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाला, सून शमशाद घरात मशीनवर परकर शिवते. अम्मांची खाट दाराशीच होती. डावा हात मांडीवर निजल्यासारखा पडलेला, उजव्या हाताची बोटं सुजून वाकडी झालेली. त्याच हातात त्यांनी काठी धरली होती. चालायला ती काठी उपयोगाची नव्हती, कोंबड्या हाकलायला आणि बोलताना आपटायला मात्र होती.

मला आधी जेवायला बसवलं. शमशाद म्हणाली, “मी जेवलो, तुमी बसा.” तिथल्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. मला आधी गंमत वाटली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मीही दोनदा तसं बोलून गेले. ज्वारीची भाकरी, अंड्याचा रस्सा आणि वर कच्चा कांदा. भाकरी सुनेनं थापली होती, आणि अम्मा खाटेवरून ती कुठे जाड, कुठे पातळ झाली ते सांगत होत्या. सहा वर्षं झाली, त्यांना स्वतःला भाकरी थापता आलेली नाही.

जेवण झाल्यावर मी येण्याचं कारण नीट सांगितलं. दोन्ही गुडघ्यांत सुई घालावी लागेल, थोडं दुखेल, आणि दोन्हीकडचं पाणी मुंबईला जाईल. अम्मांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर मी कागदावर कधी लिहिलं नव्हतं.

“ह्यानं माजं दुखायचं थांबणार का?”

“नाही अम्मा,” मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं.

“मग कुणाचं?”

“पुढे कुणाचं तरी. कदाचित.”

त्यांनी काठी दोनदा आपटली. दुखऱ्या गुडघ्यात सुई नको, लुळ्या बाजूला हवं तेवढं टोचा, तिकडे काही कळत नाही, असा सौदा त्यांनी पुढे केला. दोन्हीकडचं का हवं ते मी पुन्हा समजावलं. नस निरोप देते, निरोपानं सूज येते, आणि तुमचा एक गुडघा बोलतो नि दुसरा बोलत नाही असं आम्हाला वाटतं, हे ऐकल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले.

“एकदाच टोचून घीन. दुसऱ्यांदा सुई दावलीस तर ही काठी हाय,” त्या म्हणाल्या. “आनि गुडघा काय बोलला त्ये हितं येऊन सांगायचं. कागूद धाडू नगंस. मला वाचाय येत न्हाय आनि हे घरातले निम्मंच वाचून दावत्यात.”

मी येईन म्हटलं. असं वचन शास्त्रज्ञानं सहसा देऊ नये, पण त्या काठीसमोर दुसरं काही सुचलं नाही.

दोन नळ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिक्षानं उचगावला आणली. डॉक्टर मान्यांचा हात मी पाहिला आणि त्यांच्या मोठ्या आवाजाला मनातून माफ केलं. उजव्या गुडघ्यातून गढूळ पिवळं पाणी भरपूर आलं. अम्मांनी दात आवळले. डाव्या गुडघ्यात, निरोगी सांध्यात असतं तसं, जेमतेम काही थेंब होते. डॉक्टरांनी सुई तसूभर इकडे तसूभर तिकडे करत ते मिळवले. दोन्ही नळ्यांत, पेप्टाइडचे तुकडे होऊ नयेत म्हणून, आमचं औषध घातलं, नळ्या सुक्या बर्फात खुपसल्या, आणि पाहता पाहता थेंब पांढरे झाले. त्या लहान नळीतल्या थेंबांसाठी मी एवढा प्रवास केला होता. तेवढे पुन्हा मिळणार नव्हते.

माझी गाडी रात्री आठनंतरची. पेटी दिवसभर इकडेतिकडे हलवण्यापेक्षा अम्मांच्या खाटेखाली सावलीत राहू द्या, दस्तगीर पाळीवरून आला की टेम्पोनं स्टेशनवर पोचवेल, तोवर बाईंनी कोल्हापूर बघावं, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. पेटीला हात लावू नका, आतला बर्फ बोट भाजवेल, एवढं मी बजावलं. झाकण उघडू नका हे मात्र बजावलं नाही. उघडेल कोण, असं मला वाटलं. ही चूक माझीच, ती मी अजून कुणावर ढकललेली नाही.

कोल्हापूर मी मनसोक्त पाहिलं. देवळात गेले, त्यामुळे बिल्डिंगीतल्या लोकांना उत्तर देता येतं. चपला घेतल्या, त्यांचा करकर आवाज दुकानदारानं दोन्ही कानांशी धरून ऐकवला. दुपार कलताना दुधाच्या कट्ट्यावर गेले. तिथे म्हशी रांगेत उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ पेला थेट हातात देतात. आमच्याकडे बाटलीतलं दूध दोनदा उकळूनही मी साशंकच असते. तापवता का, असं मी विचारलं तेव्हा गवळ्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “तापलेलंच हाय की.” खरंच कोमट होतं. मी डोळे मिटून प्यायले, आणि सगळं जीवशास्त्र शिकूनही आणखी एक पेला मागितला.

साडेचारला उचगावला परतले तर गल्लीत गर्दी. वाटलं, अम्मांना काही झालं.

अम्मांना काही झालेलं नव्हतं. त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या, पदर नीट घेतलेला, चेहरा लालबुंद. पुढ्यात परातीत पाणी, पाण्यात सुक्या बर्फाचा खडा, आणि परातीतून पांढरा धूर जमिनीवर उतरून बायकांच्या पायांशी पसरत होता. शमशाद चिमट्यानं खडे काढून देत होती. बायका पुढे सरकून पाहत होत्या आणि अम्मा एखाद्या मानकऱ्यासारख्या काठीनं एकेकीला जागा दाखवत होत्या. शमशाद मला नंतर म्हणाली, की अम्मा खाटेवर पडल्यापासून पहिली एक-दोन वर्षं लोक बसायला आले, मग थांबले. आज सकाळी शेजारच्या एकीला झाकणातला धूर दिसला. तिनं दुसरीला बोलावलं. अम्मा प्रत्येकीला बसवून घेत गेल्या आणि बसवून घेण्यासाठी झाकण उघडत गेल्या.

मी पेटीत डोकावले. काल रात्री त्यात दोन उशांएवढा बर्फ होता. आता तळाशी मूठभर उरला होता. नळ्या त्या मुठीत रुतलेल्या, अजून पांढऱ्या, अजून कडक. पण मुंबई दूर होती आणि हा बर्फ तासभरही टिकणार नव्हता.

माझं तोंड बघून गर्दी आपोआप पांगली. मी रागावले नाही. रागवायला जागाच नव्हती, मी स्वतः त्या वेळी कट्ट्यावर ओठांवर दुधाच्या मिशा घेऊन उभी होते. मी फक्त अम्मांना सांगितलं की हा बर्फ संपला की पाणी पातळ होईल आणि मग गुडघा काय बोलला ते कधीच कळणार नाही.

त्यांचा लाल चेहरा उतरला. मग काठी त्यांनी स्वतःहून खाली टाकली आणि लुगडं गुडघ्यांच्या वर घेतलं.

“परत टोच,” त्या म्हणाल्या. “दोनीकडं.”

मला रडू आलं. सकाळी टोचलेल्या गुडघ्यात दुपारी पुन्हा सुई घालता येत नाही, डावीकडे तर आता थेंबही मिळणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. वर घेतलेलं लुगडं मी खाली ओढलं आणि त्यांच्याशेजारी खाटेवर बसून राहिले.

शिरोली

इतक्यात दस्तगीर पाळीवरून आला. अंगावर काळी वाळू, पापण्यांतसुद्धा. शमशादनं सगळं सांगितलं. त्यानं परातीत उरलेला खडा पाहिला, नाकाजवळ धूर घेतला आणि माझ्याकडे वळला.

“ह्यो तर आमचा गॅस हाय की, बाई. कोअरला सोडतो त्यो. बाटली उलटी करून चावी खोलली की असलाच पांढरा भुगा पडतो. आमी त्यो लाथेनं सारतो.”

मी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग माझ्या ध्यानात आलं. ओतकामात पोकळी ठेवायला वाळूचा जो गाभा करतात त्याला ते कोअर म्हणतात. तो घट्ट व्हावा म्हणून वाळूत काचेसारखा एक चिकट द्रव कालवतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. सुका बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइडच. मुंबईच्या आइस्क्रीमवाल्याकडून मी जे जपून आणलं, ते शिरोलीत पायाखाली पडत होतं.

दोन्ही नळ्या आणि उरलासुरला बर्फ मी माझ्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरला आणि झाकणाऐवजी वर कापूस ठेवला. गोळा करायला जाड कापड हवं, असं दस्तगीर म्हणाला. अम्मांनी आपल्या उशीचा अभ्रा ओढून काढला, चार ठिकाणी ठिगळं लावलेला, आणि माझ्या अंगावर टाकला. त्यानं मला आपल्या लुना मोपेडवर मागे बसवलं, रिकामी पेटी माझ्या पाठीला बांधली, थर्मास माझ्या मांडीवर, आणि आम्ही निघालो. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला मी थर्मास वर उचलत होते आणि स्वतः मात्र आदळत होते.

फाउंड्रीत भट्टीचा लाल उजेड, काळी जमीन आणि ऐकू न येण्याइतका आवाज. तिथल्या फोरमननं दस्तगीरचं म्हणणं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

“पावणं, हितं आमी लोखंड पातळ करतो,” तो म्हणाला, “आनि तुमी बर्फ मागाय आलासा.”

पण त्यानं बाटली, म्हणजे गॅसचं सिलिंडर, दिली. चौघांनी ती उलटी करून लोखंडी घोडीला टेकवली, दस्तगीरनं चामड्याचे हातमोजे घालून अभ्रा तोंडाशी घट्ट धरला, आणि चावी सोडली. कानठळ्या बसवणारा फूत्कार, अभ्रा फुगला, त्याच्या ठिगळांतून पांढरी वाफ निघाली, आणि त्या वाफेत दस्तगीर क्षणभर दिसेनासा झाला. मग त्यानं अभ्रा उलटा झटकला. पांढरा भुसभुशीत ढीग पेटीत पडला. मी चिमट्यानं दाबून पाहिला. सुका बर्फच.

तसं सात वेळा केलं. बाजूच्या भट्टीवरचे लोक घाम पुसत येऊन बघून गेले. मी थर्मासमधल्या नळ्या काढल्या. मोठी नळी कडक होती. लहान नळी उजेडात धरली, तिरपी केली. थेंब जागचे हलले नाहीत. मी त्या बर्फात खोल पुरल्या, आणि फोरमन म्हणाला की आता चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. तो चहा मी उभ्यानं प्यायले, आणि इतका गोड चहा मला एरवी चालत नाही.

गाडीत मी पेटी बर्थवर झोपवली आणि स्वतः बसून आले.

पुन्हा उचगाव

मोजणीला तीन महिने लागले. उजव्या गुडघ्याच्या पाण्यात पदार्थ पी भरपूर सापडला, डाव्याच्या थेंबांत जवळजवळ काहीच नाही. एका म्हातारीच्या दोन गुडघ्यांवरून जगाला सांगण्याजोगं काही सिद्ध होत नाही, आणि आम्ही तसा दावाही केला नाही. पण साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला होता. त्यावरून पुढचं काम ठरलं आणि आज आम्ही तेच करतो आहोत.

पावसाळा सरल्यावर मी रजा काढून कोल्हापूरला गेले. मिसळीला आता मी बिचकत नाही, दही मात्र आधी मागवते. अम्मा दाराशी तशाच होत्या, उजवी बोटं आणखी थोडी वाकलेली. त्यांनी हाल विचारले नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

“सांग. काय बोलला?”

उजवा सारखा बोलत असतो, सूज आण, आणखी आण असे निरोप धाडतो, आणि डावा अजिबात बोलत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि त्यावरून बोटं फिरवली.

“दहा वर्सं मी ह्या बाजूला मेली म्हंत हुतो,” त्या म्हणाल्या. “मेली न्हाय. गप बसलीया.”

मग त्यांनी माझ्यामागे पाहिलं. दस्तगीर रिक्षातून थर्माकोलची पेटी उतरवत होता. फटीतून धूर येत होता.

“आनि कुणाचा गुडघा आणलास?”

“कुणाचाच नाही,” मी म्हटलं. “नुसता बर्फ आहे. तुमच्यासाठी.”

मग काठी आपटून त्यांनी शमशादला परात आणायला सांगितली आणि शेजारणीला हाक मारली. झाकण त्या दिवशी किती वेळा उघडलं ते मी मोजलं नाही.